मच्छरदाणीत कापलेली मरळ

जावेच्या पायाची चिंधी मी कात्रीने कापली आणि किडे खाली पाटावर पडले. पांढरे, तांदळाच्या कणीएवढे, काही त्याहून मोठे. अंगठ्याच्या बुडाशी खड्डा पडला होता आणि त्यात ते एकमेकांवर चढत होते. वासाने माझ्या डोळ्यांना पाणी आलं. दीर पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभा होता. त्याने तांब्या खाली ठेवला, मागे सरकला आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "वहिनी, तिले कोठ्यात न्या."

कोठा म्हणजे गुरांचा गोठा.

"कोठ्यात कायले? दवाखान्यात न्यायची आहे भाऊजी."

"आधी घरातून काढा. देव आहेत घरात."

मी त्याला आणखी बोलले असते, पण जाऊ स्वतःच उठली. माझ्या खांद्यावर हात ठेवून, टाच टेकत टेकत कोठ्यापर्यंत गेली. रडली नाही. तनशीच्या, म्हणजे धानाच्या वाळल्या काडाच्या, ढिगाला टेकून बसली आणि म्हणाली, "आली बाई ती. मले माहीतच होतं, येईन म्हणून."

"कोण आली?"

"गाय."

माणसाच्या जखमेत किडे पडले की आमच्याकडे रोगाचं नाव कोणी घेत नाही. पाप फुटलं म्हणतात. त्यातही गायीचं पाप पहिलं. गाय दाव्याला बांधलेली असताना मेली, तर मालकाच्या अंगात कधी ना कधी किडे पडणारच, असं मी लहानपणापासून ऐकत आले आहे. अशा माणसाला घराबाहेर ठेवायचं, त्याच्या हातचं पाणी घ्यायचं नाही, आणि तो बरा झाला तर जातीला जेवण देऊन आत घ्यायचं. वाळीत टाकलं असं आता कोणी तोंडाने बोलत नाही, कायदा झाला आहे. नुसतं पाणी घेत नाहीत.

जावेची गाय रोवणीच्या दिवसांत मेली होती, त्याला बराच काळ झाला. सोडली की ती दुसऱ्याच्या धानात शिरायची, म्हणून जावेने तिला आखूड दाव्याने बांधलं आणि आपण दिवसभर शेताच्या बांधीत वाकून धान रोवत राहिली. गाय खुंट्याभोवती फिरली, दावं गुंडाळत गेलं. जाऊ परतली तेव्हा गाय जीभ बाहेर काढून पडली होती. तेव्हा जातीत कोणी फार बोललं नाही. पण जाऊ स्वतः विसरली नव्हती. पुढे तिला साखरेचा आजार निघाला. पायाला मुंग्या यायच्या, मग मुंग्याही येईनाशा झाल्या. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, चालताना बाभळीचा काटा पायात मोडला, तो तिला कळलाच नाही. जखम दिसली तेव्हा हळद भरून लुगड्याची चिंधी बांधली. रोज ती चिंधी धुवायची, कोठ्यातल्या दांडीवर शेणाच्या ढिगाशेजारी वाळत घालायची, आणि वाळेपर्यंत पाय उघडा ठेवून भाजी निवडत बसायची. तीच चिंधी पुन्हा बांधायची. घरात कोणाला दाखवलं नाही. वास सुटला तेव्हा मी तिला धरून बसवलं.

उपकेंद्राची सिस्टर आली. तिने औषध ओतलं, चिमट्याने निघतील तेवढे किडे काढले, इंजेक्शन दिलं आणि बाहेर येऊन मला स्पष्ट सांगितलं, "भंडाऱ्याले न्या. इथं माझ्यानं होणार नाही. हाडापर्यंत गेलं तर पाय जाईन, रक्तात गेलं तर बाई जाईन."

दवाखान्याची गाडी बोलावली. गाडी आली. जावेने खाटेचा पाय दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"मले नेऊ नका. पाप अंगातून निघून राहिलं, निघू द्या. औषधानं दाबलं तर पुढच्या जन्मी पडन."

गाडीवाल्यांनी समजावलं, सिस्टरने समजावलं, मी शिव्या दिल्या. माणूस शुद्धीवर आहे आणि नाही म्हणतो, तर उचलून कसं न्यायचं, असं म्हणून गाडी रिकामी गेली. दीर बाहेर पाराशी उभा होता. त्यालाही ती जावी असं वाटत नव्हतं आणि राहावी असंही वाटत नव्हतं. घाबरलेला माणूस होता, दुसरं काही नाही.

माझी सून लाखांदूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, एसटीने जाते-येते. त्या दिवशी घरी आली, हातपाय धुतले आणि मी तांदूळ निवडत होते तिथे येऊन बसली.

"आई, काकूजीले हे कोणीतरी दाखवलं पाहिजे. किडे आपोआप पडत नाहीत. एका माणसानं हे तपासून पाह्यलं होतं."

"कोण माणूस?"

"इटलीतला. साडेतीनशे वर्षं झाली."

मी म्हटलं, सांग. मी चौथी शिकलेली. इटली कुठे आहे ते मला ठाऊक नव्हतं, आताही फारसं नाही. सुनेने सांगितलं ते असं. तो राजाचा वैद्य होता, त्याचा बापही राजाचाच वैद्य. कविता करायचा. आपल्या भाषेचा मोठा शब्दकोश होत होता, त्याच्या कामातही होता. त्या काळी तिकडच्या शिकल्यासवरल्या लोकांचंही हेच म्हणणं होतं, की सडलेल्या मांसातून किडे आपोआप जन्मतात आणि चिखलातून बेडूक. हजारो वर्षं सगळे तसंच लिहीत आले, म्हणून सगळे तसंच मानत आले. याने मेलेला साप घेतला, मासे घेतले, वासराचं मांस घेतलं, आणि वेगवेगळ्या बरण्यांत घालून काहींची तोंडं बंद केली, काही उघड्या ठेवल्या. उघड्यांत किडे पडले, बंद केलेल्यांत पडले नाहीत.

"राजाच्या वैद्याले नासकं मांस घेऊन बसाची काय गरज पडली?"

"त्याले डोळ्यानं पाहाचं होतं."

"आन् बायको काही बोलली नाही?"

"लग्न नव्हतं केलं म्हणतात त्यानं."

"तरीच."

सून हसली. मग म्हणाली, "आपण काकूजीच्या समोर करून पाहू."

मला ते पोरखेळ वाटलं. पण दुसरं काय हातात होतं? सिस्टर रोज येऊन इंजेक्शन देत होती आणि रोज म्हणत होती की यानं भागणार नाही. जावेला ताप चढू लागला होता. जेवण पुढे ठेवलं तर अर्धं कुत्र्याला टाकायची.

मी बाजारातून मासे आणले, अंगणात बसून कापले, लोणच्याच्या काचेच्या दोन बरण्या रिकाम्या केल्या. एक उघडी ठेवली, दुसरीला झाकण घट्ट फिरवलं. दोन्ही जावेच्या खाटेसमोर फळीवर ठेवल्या. सुनेने तिला इटलीवाल्याची सगळी गोष्ट सांगितली. जावेने ऐकून घेतली, तोंडावर पदर घेतला आणि भिंतीकडे वळली.

त्या उकाड्यात फार वाट पाहावी लागली नाही. दुसऱ्या दिवशी सून शाळेतून आली तोवर उघड्या बरणीत किडे वळवळत होते. आणि बंद बरणीतही होते. थोडे कमी, पण होते.

जाऊ उठून बसली. बऱ्याच दिवसांनी तिच्या तोंडावर हसू पाहिलं, तेही असं.

"पाह्य वं सूनबाई. झाकण लावलं तरी पडले. तुह्या इटलीवाल्याले फोन कर, म्हणा भंडारा जिल्ह्यात चालत नाही तुहं."

दीर दाराशी होता. तोही हसला. सून रडकुंडीला आली. घरात येऊन पुस्तक उघडलं, बंद केलं. मग मला विचारलं, "आई, मासे कुठं कापले होते?"

"अंगणात. मंग काय देवघरात कापू?"

"तवा माशा होत्या?"

"मासळीवर माशा कवा नसतात? मी हातानं हाकलत होती."

सुनेने कपाळावर हात मारून घेतला. मग मलाही कळलं. झाकण लावलं ते माशा बसून गेल्यावर. बाजारात त्या टोपलीवर काय बसलं होतं ते तर देवालाच ठाऊक. वास घरात नको म्हणून मासळी अंगणात, उकिरड्याच्या बाजूला कापायची, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्या रीतीने इटलीवाल्याला खोटं पाडलं होतं.

मग मरळ आणायचं ठरलं. मरळ पाण्याबाहेरही लवकर मरत नाही, बादलीत ठेवली तर चांगली जिवंत राहते. तलावावर मासे धरणाऱ्याकडून मी एक जिवंत मरळ बादलीत घालून आणली. बरण्या उकळत्या पाण्याने धुतल्या. कोठ्यातच, जावेच्या खाटेसमोर, आमची डबल बेडची मच्छरदाणी बांधली, कडा चारी बाजूंनी विटांखाली दाबल्या. आत मी, सून, बादली, मासळी कापायची पावशी आणि बरण्या. पावशी पायाखाली धरून मी मरळ काढायला हात घातला. मरळ म्हणजे तेल लावलेला पैलवान. ती सुटली, सुनेच्या मांडीवर आपटली, तिथून माझ्या तोंडावर शेपूट मारून बादलीमागे गेली. सून किंचाळली आणि मच्छरदाणी तिच्या डोक्यावर आली.

जाऊ खाटेवरून म्हणाली, "अवं बाई, तुमी मासळी कापून राहिल्या का मासळी तुमाले कापून राहिली?"

"तू गप बस. तुह्यासाठीच चाललं हे."

"मी नव्हतं सांगतलं."

कापली शेवटी. दीर तोवर कोठ्यात येऊन मच्छरदाणीबाहेर उभा होता. सून एका बरणीला झाकण लावायला लागली तसा तो म्हणाला, "झाकण लावल्यावर हवा कुठून जाईन? हवेबिगर किडे पैदा कसे होतीन? नाही पडले तरी त्यातून काय समजाचं?"

मला वाटलं सून चिडेल. ती उलट खूश झाली.

"काकाजी, तिकडचे लोकही त्याले हेच म्हणाले असतीन. म्हणून मंग त्यानं झाकण काढलं आणि बारीक जाळीचं कापड बांधलं. हवा जाते, माशी जात नाही."

तिने आपली पातळ ओढणी फाडली, दुहेरी करून एका बरणीच्या तोंडावर सुतळीने आवळून बांधली. दुसरी उघडीच ठेवली. मग मच्छरदाणी काढून टाकली.

आता बघत बसण्याखेरीज काम नव्हतं. त्या दिवशी रविवार होता, सून घरी होती. जाऊ या वेळी पाठ फिरवून निजली नाही. सुनेने तिला त्या माणसाच्या आणखी गोष्टी सांगितल्या. दीर सापाचं नाव ऐकून जवळ येऊन बसला. आमच्याकडे धानात साप लागून गेलेलं माणूस कोणाच्या ना कोणाच्या घरचं असतंच, तेव्हा सापाच्या गोष्टीला कोणी उठत नाही. त्या राजाच्या दरबारात वाद झाला म्हणे, सापाचं विष नेमकं असतं कुठे. कोणी म्हणे पित्तात, कोणी म्हणे त्याच्या रागात. शिकलेली माणसं भांडत होती. तिथे एक साप धरणारा होता. त्याने विष पेल्यात घातलं, सगळ्यांसमोर पिऊन टाकलं, आणि त्याला काही झालं नाही. वैद्याने त्यावरून पुढे दाखवलं की विष रक्तात उतरलं तरच मारतं.

"तोंडात छाला असता त्याच्या, म्हणजे?" दिराने विचारलं.

"मंग मेला असता, काकाजी."

"वैद्य नाही प्याला तवा."

"नाही."

"हुशार होता," दीर म्हणाला.

दारूवर त्या वैद्याने मोठं काव्य लिहिलं, आणि स्वतः मात्र जपून पीत असे, हेही सुनेने सांगितलं. दिराला ते काही पटलं नाही.

दुपारी मी चहा घेऊन गेले. जाऊ खाटेवर पुढे वाकून बसली होती.

"बाई, इकडं या. बोलू नका."

ओढणीवर हिरवी मोठी माशी बसली होती. मागचं टोक कापडात रुतवत होती, थोडी सरकत होती, पुन्हा रुतवत होती. ती उडाली तेव्हा कापडावर पांढरा बारीक चुरा दिसला, रव्यासारखा.

"हागली का ते?" जावेने विचारलं.

"मले काय माहीत. थांब."

दुसऱ्या दिवशी उजाडताच जावेने हाक मारली. उघडी बरणी बघवत नव्हती. दुसऱ्या बरणीतली मरळ सडली होती, खाली पाणी सुटलं होतं, वास तसाच होता. पण तिच्यात एकही किडा नव्हता. किडे होते ते वर, ओढणीवर. केसाएवढे बारीक, कापडाच्या भोकांतून खाली उतरायला धडपडत होते.

सून शाळेसाठी तयार होऊन आली होती. ती काही बोलणार होती, मी तिला हाताने थांबवलं. जाऊ बरणीकडे बघत होती. मग तिने दांडीकडे पाहिलं, जिथे तिच्या पायाची चिंधी वाळायची. मग शेणाच्या ढिगाकडे.

"मंग माह्या पायात बी माशीच बसली?"

"बसलीच असन. उघडा पाय घेऊन तासन् तास इथं बसत होती तू."

"पाप नाही?"

"माशी आहे."

"मंग गाय?"

इथे सुनेला काहीतरी गोड बोलायचं होतं, तिचं तोंड दिसत होतं मला. पण जावेला गोड बोललेलं कळतं. मी म्हटलं, "गाय तू आखूड बांधली म्हणून मेली. ते खरं आहे, ते तुहंच आहे. पण तिच्यापायी तुह्या पायात किडे नाही पडले. तू इथं मेली तर गाय काही उठून येत नाही."

तेव्हा ती रडली. मी रडू दिलं. सुनेची बस चुकली. जावेने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "बोलवा गाडी."

गाडीत दीरही बसला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरने पाय पाहिला आणि आम्हा सगळ्यांना एकदम झापलं. अंगठा आणि त्याच्या बाजूचं बोट कापावं लागलं. ताप उतरेपर्यंत डॉक्टर काही बोलायला तयार नव्हते. मी खाटेखाली सतरंजी टाकून राहिले. सून सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन यायची. जावेला जरा बरं वाटू लागलं तसे तिचे प्रश्न सुरू झाले.

"सूनबाई, आंब्याले वरून छेद नसते. कोयीत किडा कसा येते? तिथं कोणती माशी बसली?"

सून म्हणाली, "काकूजी, आंबा लहान असतो तवा एक किडा वरून अंडं घालतो, मंग आंबा वाढतो आणि छेद बुजतो. पण असंच काही पाहून तोही फसला होता. झाडाच्या पानाले, फांदीले गाठी येतात ना, त्यात किडा असतो. तो झाडच तयार करते, असं म्हणून बसला. त्याच्या मागून दुसऱ्यांनी पाह्यलं, तर तिथंही बारीक माशीच अंडं घालून जात होती."

"एवढं पाह्यलं आन् तरी चुकला?"

"चुकला."

जाऊ समाधानाने आडवी झाली. मलाही त्या माणसाबद्दल तेव्हा आपलेपणा वाटला. त्याला सगळं कळलं असतं तर मला त्याचं काही वाटलं नसतं. म्हातारपणी त्याला फेफरं यायचं म्हणतात. फेफऱ्याला आमच्याकडे काय काय म्हणतात ते मला माहीत आहे, त्याला तिकडे कोण काय म्हणालं असेल कोण जाणे. एका सकाळी तो झोपेतच मेलेला सापडला. तोवर आपलं काम करत होता.

जाऊ दवाखान्यातून पुन्हा कोठ्यात आली तेव्हा जातीतले एक म्हातारे भेटायला आले. ओट्यावर बसले, पाणी घेतलं नाही. मी त्यांना बरण्यांची हकीकत सांगितली, पहिल्या वेळी काय चुकलं तेही सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"ते बाटलीतल्या मासळीचं झालं," ते म्हणाले. "माणसाचं अलग असते."

"कसं अलग असते, बाबाजी? तुमचा पाय द्या, बरणीत घालून पाहतो."

दिराने मला डोळ्याने खुणावलं. म्हातारे रागावले नाहीत, काठी उचलून गेले. पुढे दिराने जातीला जेवण दिलंच. मी त्याला अडवलं नाही. त्याला या लोकांत राहायचं होतं, पोरीचं लग्न ठरवायचं होतं. मीही पंगतीला बसले, वरण चांगलं झालं होतं. जावेला मात्र त्याने आदल्याच आठवड्यात कोठ्यातून घरात घेतलं होतं, कोणाला न विचारता. तिची खाट देवघराशेजारच्या खोलीत टाकली आणि खिडकीला जाळी ठोकली. जाळी ठोकताना मला म्हणाला, "हवा जाते, वहिनी." एवढंच म्हणाला.

जाऊ आता घरातही चप्पल घालते. रोज पाय उलटा करून आरशात बघते. रोवणीला जात नाही. गायीचं नाव निघालं तर अजून उठून आत जाते, ते मी तिला विचारत नाही.

बाभळीच्या एका काट्यापायी आमच्या घरात माणूस जाणार होतं, ते गेलं नाही. माझी जाऊ जिवंत आहे.